अनुभव धागा: शाखा आधी की शुल्कसवलत आधी?

माझ्या मुलीचा एमएचटी-सीईटीचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागल्यापासून घरात दुसरा विषय नाही. पुण्यात तिला हवी ती संगणक शाखा मिळण्याची शक्यता आहे. सोलापुरात मात्र दुसऱ्या पसंतीच्या शाखेवर समाधान मानावे लागेल, पण घरून ये-जा करता येईल. शिक्षणक्रम आणि पैसा यांची सांगड ज्यांनी घातली आहे, त्यांनी आपले अनुभव चुकांसकट लिहावेत, ही विनंती. कोणते महाविद्यालय चांगले, हे मला विचारायचे नाही. तुम्ही कशावरून ठरवले, ते हवे आहे.

एक पालक, अक्कलकोट रस्ता

मी यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितो, तरी मुलाच्या प्रवेशाचा हिशेब माझा पहिल्यांदा चुकलाच. आम्ही खुल्या प्रवर्गातले आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत, म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मे शुल्क सुटणार, या समजुतीने मी पुण्याचा सगळा आकडाच निम्मा करून टाकला. प्रत्यक्षात ही सवलत केवळ शिक्षण व परीक्षा शुल्कावर असते; विकास शुल्क वेगळे, आणि खोलीचे भाडे, खानावळ व सुट्ट्यांतली हुतात्मा एक्सप्रेसची तिकिटे तर त्या योजनेत बसतच नाहीत. चादरींच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दोन रकाने आखून पुन्हा मांडणी केली, तेव्हा निम्म्या शुल्कातले पुणे पूर्ण शुल्कातल्या सोलापूरपेक्षा महाग निघाले.

अर्ज भरताना सायबर कॅफेतल्या मुलाने आणखी एक गोष्ट दाखवली. शुल्कमाफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागांचा संकेतांक निराळा असतो आणि त्याच्या शेवटी 'टी' असतो. मंजूर जागांवर 5 टक्के अधिकच्या अशा या जागा, म्हणजे साठांच्या तुकडीला जेमतेम तीन. तो संकेतांक विकल्प अर्जात, म्हणजे महाविद्यालये व शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या अर्जात, स्वतंत्रपणे घातला नाही, तर गुण कितीही असोत, त्या जागेसाठी आपला विचारच होत नाही. केंद्रीभूत प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाला की तो आपोआप गोठतो, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, त्यामुळे खरा निर्णय विकल्पांचा क्रम लावतानाच झालेला असतो. आम्ही 'टी'चा संकेतांक वर आणि त्याच शाखेचा साधा संकेतांक खाली ठेवला. मुलाला सोलापुरातच इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखा शुल्कमाफीत मिळाली. ती त्याची पहिली आवड नव्हती, परंतु दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून त्याने आधीच ताडून पाहिले होते, म्हणून नंतर कुरकुर झाली नाही.

एक माजी विद्यार्थी, सात रस्ता

वरील अनुभवाला माझी एक पुस्ती. मी निव्वळ शुल्कमाफीपायी स्थापत्य शाखा घेतली आणि अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नाही. वर्षभराने शाखा बदलण्याचा अर्ज घेऊन गेलो, तेव्हा खिडकीवरच कळले की या जागेवरील विद्यार्थ्याला संस्थाही बदलता येत नाही आणि शाखाही नाही. पदवी मिळाली; आज मी त्या क्षेत्रात नाही.

एक विद्यार्थिनी, कुंभारी

आई विड्या वळते. दोन वर्षांपूर्वी एक मध्यस्थ घरी येऊन सांगू लागला की फेऱ्यांची वाट पाहू नका, संस्था पातळीवरची जागा आजच पक्की करा, मुलींना आता सगळे माफच आहे. मी 8 जुलै 2024 चा शासन निर्णय काढून वाचला. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे खरे, पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल तरच. व्यवस्थापन कोटा आणि संस्था पातळीवरचे प्रवेश त्यातून वगळलेले आहेत. त्या माणसाचे ऐकले असते, तर चारही वर्षांचे पूर्ण शुल्क अंगावर आले असते. मी फेरीतून जागा घेतली. प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयाने 'आधी सगळे भरा, महाडीबीटीवरून आले की परत देऊ' असेच सांगितले (महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचे पैसे देणारे शासनाचे संकेतस्थळ). शासन निर्णयाची छापील प्रत टेबलावर ठेवून तीन तास बसले, तेव्हा केवळ विकास शुल्कावर भागले. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवला होता, नाहीतर ते तीन तासही वाया गेले असते.

एक यंत्रमागधारक, अशोक चौक

आमच्याकडे उलटे घडले. मुलाला वस्त्रतंत्रज्ञानच शिकायचे होते आणि त्यासाठी त्याने इचलकरंजीचे डीकेटीई महाविद्यालय निवडले. सोलापुरातली स्वस्त जागा आम्ही सोडली. 7.5 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही, त्यामुळे माग गहाण पडले नाहीत. हप्ते अजून चालू आहेत.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. काल रात्री 'टी'ने संपणारे चार संकेतांक अर्जात घातले. मुलीने कुंभारीच्या ताईंचा अनुभव दोनदा वाचला आणि सकाळी स्वतःच दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेली. विकल्पांच्या क्रमावरून मात्र अजून वाद चालू आहे; पुणे पहिले की तिसरे, यावर आजोबांचेही मत आहे.