शब्दचर्चा : स्वाहिलीतले 'आपले' शब्द

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी टांझानियात, दार-एस-सलामला गेलाय. पहिल्याच आठवड्यात फोनवर म्हणाला, "मावशी, इथे औषधाच्या दुकानावर 'दुका ला दावा' अशी पाटी असते! गाडीला गारी म्हणतात, पैशाला पेसा, लाखाला लाकी." त्याच्या मते निम्मी स्वाहिली आपल्याकडूनच गेलीय. हे कितपत खरं?

उत्तर : ताई, भाच्याचे कान चांगले आहेत, पण निष्कर्ष घाईचा झाला. मी त्या शहरात बरीच वर्षं काढली आणि सुरुवातीला मीही वहीत अशीच यादी करत होतो. ती यादी पुढे मलाच तीन ठिकाणी वाटून टाकावी लागली.

स्वाहिली ही बांटू या आफ्रिकी कुळातली भाषा. नाव अरबी 'सवाहिल'वरून, म्हणजे किनारे. पण व्याकरण सगळं आफ्रिकी. मोसमी वाऱ्यांवर अरबी गलबतं शतकानुशतकं त्या किनाऱ्याला लागत आली, त्यातून शेकडो अरबी शब्द तिच्यात रुजले. दावा म्हणजे दवा, दुनिया, हबारी म्हणजे खबर, हेसाबू म्हणजे हिशेब, हे त्यातले. आपल्याकडे हेच शब्द फारसीच्या वाटेने आले. म्हणजे आपला हिशेब आणि त्यांचा हेसाबू ही चुलत भावंडं आहेत, कुणी कुणाकडून उसनं घेतलेलं नाही. 'दुनिया' दोन्हीकडे ऐकून तो शब्द भारतीय असल्याचा आनंद मानायचं कारण नाही.

त्या पाटीवर जरा थांबू या, कारण खरी गंमत मधल्या 'ला'मध्ये आहे. हा आपला 'मला-तुला'चा 'ला' नव्हे, तो 'चं' आहे. औषधाचं दुकान म्हणजे 'दुका ला दावा', पण औषधाची दुकानं म्हणजे 'मादुका या दावा'. मुलाचं पुस्तक म्हणजे 'किताबू चा म्तोतो', मुलांची पुस्तकं 'विताबू व्या वातोतो'. मराठीत 'चा-ची-चं' मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतात, तिथेही तसंच. आपण लिंग पाहतो, ते नामाचा वर्ग पाहतात, म्हणजे नाम कुठल्या गटातलं ते, एवढाच फरक. 'चा' हा उच्चारही जुळला तो निव्वळ योगायोग.

आणि 'किताबू'चं अनेकवचन पाहिलंत ना? अरबी 'किताब'मधला 'कि' धातूचा भाग आहे, पण स्वाहिलीत 'कि' हा एका वर्गाचा उपसर्ग असतो आणि त्याचं अनेकवचन 'वि'. म्हणून किताबू, विताबू! आपण पेन्सिलला स्त्रीलिंगी करून 'पेन्सिली' म्हणतो, त्यातलाच प्रकार. परका शब्द घरात घेतला की त्याला घरचे नियम लावायचे. माझ्या मते भाषा धडधाकट असल्याची ही खूण आहे.

प्रश्न : मग खरोखर भारतातून गेलेले शब्द कोणते?

उत्तर : भाच्याने सांगितलेले गारी, पेसा, लाकी तर आहेतच. शिवाय गुनिया (गोणी), बीमा (विमा), हुंदी (हुंडी). सगळे बाजारपेठेतले आणि वाहतुकीतले, कारण नेणारे होते गुजराती आणि कच्छी व्यापारी. तेव्हा श्रेय मराठीकडे ओढू नये. पुढे 1896 ते 1901 या काळात केनियाच्या मोंबासा बंदराहून आत रेल्वे टाकली गेली, तिचे हिंदी मजूर बहुतेक पंजाबचे. आगगाडीला तिकडे 'गारी ला मोशी' म्हणतात, धुराची गाडी. आपण आग पाहिली, त्यांनी धूर पाहिला.

मला सगळ्यांत आवडतो तो 'बेपारी'. मूळ गुजराती 'वेपारी', म्हणजे व्यापारी. आपल्या 'पणा'सारखा भाववाचक 'उ' त्याला पुढून लागला आणि 'उबेपारी' झालं, म्हणजे भांडवलशाही. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी 1967च्या अरुशा जाहीरनाम्यात समाजवादाची वाट धरली. त्या वाटेचं नाव 'उजामा'. त्यातला 'जामा' म्हणजे आप्तपरिवार, आपल्या 'जमात'चा अरबी भाऊबंद. म्हणजे वाद उजामा विरुद्ध उबेपारी असा, आणि दोन्ही शब्द समुद्रापलीकडून आलेले, बांटू उपसर्ग लावून आपलेसे केलेले. याच न्येरेरेंनी शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं भाषांतर केलं, ते 1969 साली 'माबेपारी वा वेनिसी' या नावाने आलं. मूळ नावात व्यापारी एक, इथे 'मा' लागून अनेक. शिवाय तोवर त्या शब्दाला भांडवलदाराचा वास लागलेला. एका शब्दाच्या निवडीत अख्खं राजकारण दिसतं.

गोव्याहून भर : पोर्तुगीज दार राहिलं की! 'गेरेझा' म्हणजे स्वाहिलीत तुरुंग. मूळ पोर्तुगीज 'इग्रेजा', म्हणजे चर्च. आमच्या कोंकणीत तीच इगर्ज.

उत्तर : अगदी बरोबर, आणि माझ्या यादीतलं तिसरं ठिकाण तेच. किल्ल्यात चर्च असायचं, म्हणून नाव किल्ल्यालाच चिकटलं. टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या किल्वाच्या जुन्या किल्ल्याला आजही गेरेझाच म्हणतात. मग किल्ल्यांचे तुरुंग झाले. पोर्तुगिजांनी 1593 मध्ये बांधायला घेतलेला मोंबासाचा फोर्ट जीझस ब्रिटिशांच्या काळात 1958 पर्यंत तुरुंगच होता. पोर्तुगीज अमदानीत त्याचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले, म्हणजे इगर्ज आणि गेरेझा एकाच सत्तेच्या दोन टोकांना वाढले. प्रार्थनेच्या जागेला स्वाहिलीत आता अरबी 'कनिसा' आहे.

त्याच दाराने आलेलं 'पेरा'ही घ्या. पोर्तुगीजमध्ये ते नासपतीसारखं फळ, पण मोंबासात पेरा मागितला तर हातात पेरू पडतो.

ताई, भाचा सुट्टीला घरी निघाला की त्याला 'सफारी न्जेमा' म्हणा. तिथे सफारी म्हणजे नुसता प्रवास. वाघ-सिंह, उघडी जीप काही लागत नाही. शेजारच्या गावी बसने निघालेल्या माणसालाही तेच म्हणतात.