उशिरा भरलेला हप्ता आणि सिबिल
घणसोलीच्या एका ताईंनी विचारलंय की एजंट पैसे घेऊन सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रेकॉर्ड ठेवणाऱ्या कंपनीकडची लेट पेमेंटची नोंद काढून देतो म्हणतोय, द्यावे का, तर एक रुपयाही देऊ नका. खरंच उशीर झाला असेल तर ती नोंद राहणारच, सिबिल रिपोर्टात ३६ महिन्यांचा डीपीडी, म्हणजे हप्ता किती दिवस थकला ते दिसतं. पण वेळेत भरूनही चुकीचं दाखवत असेल तर सिबिलच्या साइटवर फुकटात डिस्प्यूट टाका, बँकेलाही स्टेटमेंट जोडून मेल करा. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, बँकवाले स्वतःहून सांगतील ही आशा सोडा. आणि थकबाकी असेल तर पूर्णच भरा, कमी रकमेत तडजोड केली की लागणारा 'सेटल्ड' शेरा होम लोनच्या वेळी फार नडतो.