मदत हवी आहे: पिनकोड मूळ संख्या आहे का? उद्या सकाळी वही द्यायची आहे

कोपरीची_आई: लेकीला प्रकल्प आहे, 'माझ्या पिनकोडचे गुणधर्म'. संध्याकाळपासून भागाकार चाललेत. १४९ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून झालं, एकानेही भाग जात नाही. मूळ संख्या आहे असं लिहून टाकू का? लवकर सांगा, पोर पेंगायला लागली आहे.

घंटाळीकर: ताई, पिनकोड कुठला? ठाण्यात काय एकच आहे का?

नेरूळचा_विनय: मोबाइलवर टाका, क्षणात अवयव मिळतात. कशाला दमवता तिला!

घंटाळीकर: विनय, वहीत पायऱ्या दाखवाव्या लागतात. नुसत्या उत्तराला गुण नसतात.

कोपरीची_आई: ठाणे पूर्व, ४००६०३. मोबाइल वापरायचा नाही असं बाईंनी बजावलंय.

निवृत्त_पोस्टमन: पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पहिला ४ पश्चिम विभागाचा, शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे. हेही प्रकल्पात घाला.

वाशीचे_गणितसर: १४९ ला थांबून चालत नाही. ६३२ चा वर्ग ३,९९,४२४ आणि ६३३ चा ४,००,६८९. म्हणजे ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्या तपासायला हव्यात. पण आधी ७ चा भागाकार इथे टाका. ६०३ मधून ४०० वजा केले की २०३, म्हणजे ७ × २९. ७, ११ आणि १३ चा गुणाकार १००१ येतो, म्हणून ही युक्ती चालते. ७ ने भाग जायलाच हवा.

कोपरीची_आई: तिचा भागाकार ५७२३ आलाय, बाकी २.

वाशीचे_गणितसर: भागाकार पाच अंकी यायला हवा. सहानंतरचं शून्य खाली घ्यायचं राहिलंय. उरलेल्या २ वर शून्य घ्या: २०. सात दुणे चौदा, उरले ६. त्यावर ३ घेतले की सात नवे त्रेसष्ट. ५७२२९, बाकी शून्य.

डहाणूकर: ते ५७२३ खोडू नका! अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा: ७५३२ − २३५७ = ५१७५. असंच करत राहा, सातव्या वजाबाकीला ६१७४ येतं. हा कापरेकर स्थिरांक. द. रा. कापरेकर आमच्या डहाणूचे, माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालेलं. प्रकल्पात ते हवेतच.

घंटाळीकर: काका, कापरेकर मलाही प्रिय आहेत, पण आज रात्री अवयव हवेत. ताई, ५७२२९ साठी २३९ पर्यंत गेलं की पुरे. १४९ पर्यंत तिने केलंच आहे, तेव्हा पुढची १५१ घ्या.

कोपरीची_आई: गेला भाग! १५१ × ३७९. आता ३७९ ची पण तपासणी करायची का?

वाशीचे_गणितसर: नको. ३७९ संयुक्त असती तर १९ किंवा त्याहून लहान मूळ संख्येने भाग गेला असता आणि तो तिला आधीच सापडला असता. लिहा: ४००६०३ = ७ × १५१ × ३७९. विभाजक आठ: १, ७, १५१, ३७९, १०५७, २६५३, ५७२२९ आणि ४००६०३.

कोपरीची_आई: लिहिलं. खोडलेला भागाकार तिने तसाच ठेवलाय, शेजारी लाल पेनाने राहिलेलं शून्य काढून. डहाणूकर काका, सातही वजाबाक्या मागच्या पानावर करून मगच झोपली.