मदत हवी आहे: मुंबईत रविवारी सकाळी गोल्फ, सोयीचा कोर्स (मैदान) कोणता?

धरमपेठी
नागपूरहून लग्नासाठी मुंबईला जातोय. शनिवारी कार्य आटोपेल, रविवारी संध्याकाळचं परतीचं विमान आहे. मधल्या वेळात एक राउंड बसवायचा आहे. कोणता कोर्स सोयीचा पडेल? नेटवर ढीगभर नावं येतात आणि जो उघडावा तो फक्त मेंबरांसाठी. जरा लवकर सांगा.

टेकडी_रोड
भाऊ, मुंबई म्हणजे आपल्या नागपूरचं बर्डी ते सदर नाही. उतरणार कुठे? 9 होलचं मैदान हवं की 18? किट (स्टिक आणि बॅग) नेताय का?

चेंबूरचा_वऱ्हाडी
डोळे मिटून बॉम्बे प्रेसिडेन्सी, चेंबूर. 1927 पासूनचा क्लब, गर्द झाडी, भर वस्तीत असून हॉर्न ऐकू येत नाही. मी तिथे खेळलोय, दुसरं नाव घेऊ नका.

निवृत्त_फौजी
डोळे मिटून गेटपर्यंत पोचतील, आत कोण सोडणार? तिथे मेंबरचा पाहुणा म्हणून जावं लागतं, नाहीतर आपल्या क्लबचं तिथे अ‍ॅफिलिएशन (क्लबांचा आपसातला करार) आणि सेक्रेटरीचं पत्र हवं.
धरमपेठी, तुम्ही सैन्यातले का? असाल तर कुलाब्याचा यूएस (युनायटेड सर्व्हिसेस) क्लब बघा. समुद्राचा वारा असा की चेंडू मारावा एकीकडे, जातो भलतीकडेच.

धरमपेठी
सैन्यातला नाही. कामठीला मित्राबरोबर खेळतो तेवढंच. मुंबईत मेंबर ओळखीचा असता तर इथे कशाला विचारलं असतं? दादरला उतरणार. 18 होल. किटचं अजून ठरलं नाही.

इतिहास_वाचक
मुंबईत विलिंग्डन क्लबचा कोर्सही आहे, ताडदेवजवळ. 1918 साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघाला, भारतीय आणि युरोपीय दोघांनाही प्रवेश हे तेव्हा मोठंच होतं. आणि ब्रिटनबाहेरचा सर्वात जुना गोल्फ क्लब आपल्या देशात आहे, रॉयल कलकत्ता, 1829.

टेकडी_रोड
कलकत्त्याला नाही जात आहेत ते.

पनवेलकर_मूळ_वर्धा
खारघर. सिडकोचा खारघर व्हॅली, 18 होलचा, पैसे भरा आणि खेळा. मेंबरशिप नको, ओळख नको. पांडवकड्याच्या बाजूला, डोंगराला लागून. रविवारी गर्दी असते, आधी फोन करून टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घ्या. ग्रीन फी (खेळायचे पैसे), कॅडी (बॅग उचलणारा) आणि किट भाड्याने मिळतं का, हे त्याच फोनवर विचारून घ्या.

चेंबूरचा_वऱ्हाडी
दादरहून खारघर म्हणजे सोय? तेवढ्या वेळात चेंबूरला चार होल होतात.

पनवेलकर_मूळ_वर्धा
गेटबाहेर उभं राहून?

बर्डीवाला
राजेहो, विमान काहून? समृद्धीनं जा ना. 701 किलोमीटर, जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झाला. डिक्कीत किट टाकलं की वजनाची कटकट नाई.

निवृत्त_फौजी
परतीचं तिकीट काढून बसलेत ते. आणि लग्नात उभं राहायचं, रात्री जागायचं, मग सकाळी 18 होल चालायचे आणि वरून नागपूरपर्यंत गाडी हाकायची?

मोरभवन_9
एक राहिलं. परतीचं विमान कोणत्या विमानतळावरून? आता दोन आहेत.

धरमपेठी
तिकिटावर नवी मुंबई लिहिलंय. त्याचा गोल्फशी काय संबंध?

मोरभवन_9
सगळा संबंध तोच आहे! खारघरहून तो विमानतळ जवळच. दादरची खोली सकाळीच सोडा, सामान टॅक्सीत घाला, खेळून परस्पर विमानतळावर जा. चेंबूर, कुलाबा सगळे बाद.

पनवेलकर_मूळ_वर्धा
मी कधीचा खारघरच सांगतोय.
लोकलने जायचं मनात असेल तर रविवारी मेगाब्लॉक बघून घ्या. दादरहून कुर्ला आणि तिथून हार्बरने खारघर. पहाटे मिळेल, पण साडेदहा-अकरानंतर ब्लॉक लागला तर अडकाल. बॅग घेऊन तर टॅक्सीच बरी, रविवारी पहाटे सायन-पनवेल रस्ता मोकळा असतो.

धरमपेठी
ठीक. मग सहाचा टी टाइम मागतो.

निवृत्त_फौजी
सहाला काय टॉर्च लावून खेळणार? जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो, आपल्यापेक्षा वीसेक मिनिटं उशिरा. साडेसातचा घ्या. चौघांचा गट असेल तर 18 होलला सव्वाचार-साडेचार तास धरा, म्हणजे बारा वाजतात. आंघोळ, जेवण, विमानतळ, सगळं आरामात.
कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट न्या, जीन्स नको. लग्नाचे बूट घालून ग्रीनवर (होलभोवतीच्या हिरवळीवर) जाऊ नका.

धरमपेठी
किट नेऊ की नको ते कोणीच सांगत नाही.

टेकडी_रोड
पूर्ण 14 स्टिकची बॅग भरली की बारा-चौदा किलो सहज होते. विमानात साध्या तिकिटावर 15 किलो. त्यात लग्नाचे कपडे, आहेर, आणि नागपूरहून कोणी संत्राबर्फी न नेता जात नाही. अर्धाच सेट न्या: एक वूड (लांब फटक्याला), 5, 7 आणि 9 नंबरची आयर्न (मधल्या फटक्यांना), सँड वेज (वाळूतून काढायला), पटर (चेंडू होलात ढकलायला). छोट्या बॅगेत बसतं. स्टिक केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच करावी लागते. जाड टॉवेल गुंडाळा.

चेंबूरचा_वऱ्हाडी
5 नंबरची आयर्न कोण मारतं हो आता? त्याऐवजी हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधली स्टिक) न्या.

टेकडी_रोड
मी मारतो. तीस वर्षं.

चेंबूरचा_वऱ्हाडी
म्हणूनच.

धरमपेठी
फोन केला. 7:40 मिळाला, अनोळखी तिघांबरोबर. टॅक्सीचं आजच ठरवतो. अर्धा सेट नेतोय, हायब्रिड माझ्याकडे नाही.

बर्डीवाला
लग्न कोणाकडलं हाय पण?

नवा_सदस्य_रामनगर
नमस्कार, माझ्या मुलाला गोल्फ शिकायचा आहे, वय 8. नागपुरात कोच आहे का? आणि पहिला सेट नवा घ्यावा की जुना?

चेंबूरचा_वऱ्हाडी
जुना. आणि हायब्रिड असलेला.