बाबांची बिरडं सोलणारी बोटं दाखवावीत की नाही? (मांडणशिल्पाबद्दल मत हवंय)

काळाचौकीचा सुतार:

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे, पण घरात सुटत नाही म्हणून इथे विचारतोय.

मी सुतार. जाहिरातींचे सेट उभे करतो. येत्या जानेवारीत आमच्या भागातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये गिरणी कामगारांच्या मुलांनी केलेल्या कामांचं छोटं प्रदर्शन आहे. त्यासाठी मी आमची चाळीतली खोली प्लायवूडमध्ये जशीच्या तशी उभी करतोय. दहा बाय बारा, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी.

बाबा महाडकडचे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, चार साचे (माग) बघायचे. तिथे इतका आवाज की माणसं हातवाऱ्यांनी बोलायची, आणि घरी आल्यावरही बाबांचा आवाज चढलेलाच असायचा. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात बाबाही होते. मी आठ वर्षांचा होतो. दोन महिन्यांत मिटेल असं सगळेच म्हणत होते. तो संप आजतागायत कुणी रीतसर मागे घेतलेला नाही. बाबांना पुन्हा कामावर घेतलं नाही.

आईच्या कानातलं गहाण पडलं तेव्हा तिने सोललेलं बिरडं विकायला सुरुवात केली. दादरला चार-पाच घरं बांधलेली होती. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. आईला शेरभर सोलायला सकाळ जायची. एक दिवस शाळेतून लवकर आलो तर दार बंद. चाळीत भरदिवसा दार बंद म्हणजे कुणी गेलं तरी, नाहीतर भांडण तरी. ढकलून आत गेलो. बाबा पाटावर बसले होते, पुढ्यात परात, आणि बिरडं सोलत होते. वालाच्या एका टोकाला नख, जरा दाब, की दाणा सुळकन बाहेर. बघता बघता सालांचा ढीग. तुटलेला धागा गाठायची सवय असलेली ती बोटं होती, आईच्या दुपटीने चालत होती. मला बघून ते एवढंच म्हणाले, "कडी लाव."

मला हेच करायचंय. बघायला येणाऱ्याने आत यायचं, कडी लावायची, पाटावर बसून मूठभर वाल सोलायचे. भिंतीमागून साच्यांचा आवाज. समोर फळीवर बाबांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा, बस.

दादाला हे पसंत नाही. तो म्हणतो, "मोर्च्यातला फोटो लाव, भोंगा ऐकव. बाबांना चारचौघांत बायकांच्या कामाला बसवू नकोस." त्याचं म्हणणं मी झटकून टाकू शकत नाही. संप लांबला तसा तो नववीतून शाळा सोडून कामाला लागला, म्हणून मी शिकलो. घरातला पुरुष कोण, हा प्रश्न चौदाव्या वर्षी त्याच्या खांद्यावर पडला होता. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, त्यांना विचारता येत नाही. त्यांनी कडी लावून जे झाकलं, ते उघडायचा मला हक्क आहे का?

खानावळवालीची लेक:

दादा, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आईची लालबागला खानावळ होती, दोन्ही पाळ्यांचे मिळून बावीस जण जेवायला. संपात त्यातले निम्मे गावी गेले, उरलेल्यांना आईने उधारीवर जेवू घातलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. कितीतरी नावांपुढे आकडा आहे आणि जमा काहीच नाही. गिरणगावाचं बोलणं निघालं की साचा, भोंगा, मोर्चा. हे पुरुष ज्या ताटावर जेवले ते ताट कुणाला आठवत नाही. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते खानावळ चालवणाऱ्या ह्याच बायकांसाठी. सावकाराकडून सुटून बँकेचं कर्ज आपल्या नावावर मिळतं, हे आईला तिथे कळलं.

म्हणून तुमच्या बाबांचं ते सोलणं दाखवाच. माझ्या वडिलांनी संपानंतर सात वर्षांत घरात एक कांदा चिरला नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पण एक विचारू? तुमच्या पोस्टमध्ये दादा काय म्हणतो ते आहे, बाबा काय म्हणाले असते ते आहे. आई आहेत ना? त्यांना विचारलंत का?

नायगाव बीडीडी:

जय भीम. धोटा फळीवर ठेवणार आहात, तर त्याबद्दल थोडं सांगतो.

माझे आजोबाही गिरणीतच, पण त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या. पगार साचेखात्यात जास्त, आणि तिथे आमच्या माणसांना घेत नसत. कारण हाच धोटा. धोट्यातली सुताची कांडी बदलली की नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. आमच्या ओठांना लागलेला धोटा बाकीच्या साचेवाल्यांना चालत नसे. 1928-29 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता. आजोबा सांगायचे, यंत्र तेच, भोंगा तोच, पण साचेखात्याच्या दारातून फक्त आत बघायचं.

तुमच्या वडिलांवर ह्याचा दोष नाही, ते पुष्कळ नंतरचे. पण वारसा म्हणून ती वस्तू ठेवताय तर ती कुणाला हातात मिळाली आणि कुणाला नाही, हेही त्या खोलीत असायला हवं. नुसता धोटा ठेवलात तर मी येईन, बघेन, आणि माझे आजोबा बाहेरच राहतील.

मांडणशिल्पवाला:

मी चित्रकला शिकवतो. प्रभाकर पाचपुते यांचं काम बघितलं नसेल तर जरूर बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, घरात तीन पिढ्या कोळसा खाणीत. ते कोळशानेच थेट भिंतीवर चित्रं काढतात. त्यांच्या चित्रांत कितीतरी ठिकाणी माणसाच्या धडावर डोक्याऐवजी एखादी वस्तू असते. खाणीने माणसाचं काय केलं ते सांगायला तिथे वेगळी पाटी लागत नाही. तुमचे वाल तसे आहेत, त्यांच्याशेजारी समजावणारा मजकूर लावू नका.

कामाचं सांगतो. भिजलेले वाल दुसऱ्या दिवशी आंबतात, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. स्पीकर प्लायला चिकटवू नका, नाहीतर पूर्ण भिंत थरथरेल. की तेच हवंय? मग एकच, पाटाच्या मागच्या भिंतीला, म्हणजे बसणाऱ्याला तो आवाज पाठीत जाणवेल.

काळाचौकीचा सुतार:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी आईकडे जाऊन आलो, म्हणून उत्तराला उशीर.

नायगावच्या दादांनी सांगितलेलं मला माहीत नव्हतं. लहानपणी मी तो धोटा होडी म्हणून मोरीत तरंगवत असे. आता तो फळीवर नसेल. दाराबाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे ठेवतोय, आणि तुमची हरकत नसेल तर आजोबांचं ते "फक्त आत बघायचं" तुमच्याच आवाजात तिथे ऐकवायचंय. वेळ असेल तर निरोप करा, रेकॉर्डिंगला मी नायगावला येतो.

ताई, तुमचा प्रश्न बरोबर होता. मी आईला विचारलंच नव्हतं. तिला सगळं सांगितलं, दादाही होता. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कडी मी लावायला लावत होते. ते दारात बसून सोलायला तयार होते. मलाच ते बघवत नव्हतं. शेजारच्या म्हणाल्या असत्या, हिने नवऱ्याला कामाला लावलं."

चाळीस वर्षं मी ती कडी बाबांची समजत होतो. दादाने मान खाली घातली आणि थोड्या वेळाने विचारलं, मग ते कधी काही बोलले नाहीत का? आई म्हणाली, "बोलले ना. म्हणाले, साल जाड आहे, पुढच्या वेळी वाल दुसरीकडून आण."

फोटोबद्दल दादा आता काही म्हणत नाही. परवा वर्कशॉपवर आला, दाराची चौकट बघितली आणि म्हणाला, कडी एवढी वर नव्हती, आईचा हात पोचायचा तिथे होती. दोघांनी मिळून ती चार बोटं खाली घेतली. वाल दररोज भिजवायचं काम त्याने स्वतःकडे घेतलंय. भिंतीला एकच स्पीकर, पाठीमागे. कोणाला कडधान्यवाला माहीत असेल तर सांगा, दहा दिवसांचे मिळून वीस किलो लागतील. पातळ सालीचे हवेत.