कोटा आणि ग्रॅनाइट घरीच कापायचं आहे: टेबलवाली वेट सॉ की ४ इंची मार्बल कटर?

मानेवाडा_अंगण
अंगण, जिना आणि स्कर्टिंगचं काम काढलं आहे. अंगणाला साधारण ३५० चौरस फूट कोटा, २ बाय २ फूट, वरून पॉलिश, खालून रफ. जिन्याला १८ मिमी ग्रॅनाइट, पायरी ४ फूट लांब. खोल्यांना मशीनकट फरशीची ४ इंची स्कर्टिंग. बसवायला मिस्त्री आहे, कापाकापी घरीच करायची आहे. ७ इंची ब्लेडची ८०० वॅटची टेबल मशीन (ब्लेडवर पाणी घेऊन कापणारी वेट सॉ) पाहून ठेवली. दुकानदार म्हणून राहिला की ग्रॅनाइट असेल तर १० इंचीच लागते. बजेट १५ हजार. काय घ्यावं? आणि घरी कूलरचा जुना पंप पडून आहे, ब्लेडवर पाणी टाकायला चालेल का?

फरशी_गुण्या
भाऊ, वॅट आणि इंच नंतर. आधी कोट्याची एक फरशी उलटी करून सपाट जागेवर ठेवा आणि कोपरे दाबून पाहा. डुगडुगली तर टेबल मशीनचा विषय कोट्यापुरता तिथंच संपला.

टेबल मशीनला दोन गोष्टी लागतात: खालची बाजू सपाट आणि गाइडला, म्हणजे फरशी सरळ सरकावी म्हणून असलेल्या पट्टीला, टेकवायला एक कड सरळ. रफ कोट्यात बहुतेक वेळा दोन्ही नसतात. फरशी पुढं सरकवताना मध्येच कलते, काप ब्लेडवर आवळतो, ब्लेड अडकतं आणि फरशीचा कोपरा उडतो. वजनाचाही हिशोब करा. २ बाय २ ची २५ मिमी कोटा फरशी २४ किलोच्या आसपास भरते. छोट्या मशीनच्या पत्र्याच्या टेबलावर ती सरळ रेषेत सरकवणं एकट्या माणसाचं काम नाही. शिवाय या मशीनचा गाइड ब्लेडपासून फार लांब जात नाही, त्यामुळे २ फुटी फरशी गाइड लावून मधोमध कापताच येत नाही.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १८ मिमी ग्रॅनाइट ७ इंची ब्लेडही कापतं, हळू कापतं एवढंच. उभा काप ३४ मिमीपर्यंत जातो. अडचण कडकपणाची नाही, ४ फूट लांबीची आहे. १० इंची रेलवाल्या मशीनमध्ये दगड जागेवर राहतो आणि ब्लेड चालतं, म्हणून लांब काप सरळ येतो. पण एका जिन्यासाठी ती विकत घेऊ नका. पायऱ्यांची मापं पक्की करून ग्रॅनाइटवाल्याकडूनच कापून आणि पुढची कड गोल करून घ्या, किंवा मशीन दोन दिवस भाड्यानं आणा.

विकत घ्यायची तर ४ इंची, म्हणजे ११० मिमी ब्लेडची मार्बल कटर घ्या. १२०० वॅटच्या पुढची, पाण्याची नळी आणि कॉक कंपनीनंच दिलेली. खोली ३२ ते ३४ मिमी मिळते, पण कोट्याची जाडी एकाच गाडीत २० पासून ३० मिमीपर्यंत बदलते, तेव्हा आधी चार-पाच फरश्या मोजा. सोबत ५ फुटी ॲल्युमिनियमची चौकोनी नळी आणि दोन सी-क्लॅम्प. ब्लेडपासून मशीनच्या तळपट्टीच्या कडेपर्यंतचं अंतर एकदा मोजून मशीनवरच मार्करनं लिहून ठेवा. रेषेपासून तेवढं अंतर सोडून नळी आवळायची की काप रेषेवरच येतो.

टेबल मशीन तुमच्याकडं शोभेल ती फक्त स्कर्टिंगला. मशीनकट फरशी, ४ इंचाच्या पट्ट्या, तिथं तिला तोड नाही.

झिरो_व्होल्ट
मशीन कोणतीही घ्या, लाइनचं आधी पाहा. १६ अँपिअरचा सॉकेट, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि काम सुरू करण्याआधी त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहायचं. एक्स्टेंशनला २.५ स्क्वेअर मिमी तांब्याची तीन कोअर वायर. रीलवर असेल तर पूर्ण उलगडा, गुंडाळी तशीच ठेवून चालवली की आतून तापते. सॉकेटकडं जाणारी वायर एकदा खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलावरच गळून पडतं.

आपल्याकडं काळी माती. उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी सोडा.

टेबल मशीनला बहुधा इंडक्शन मोटर असते. मे महिन्याच्या दुपारी गल्लीतले सगळे कूलर-एसी चालू आणि व्होल्टेज पडलेलं असेल तर ती नुसती हं... करत उभी राहते. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळते. असं काम सकाळी उरकलेलं बरं.

कूलरचा पंप चालतो, पण फक्त स्वच्छ पाण्याच्या बादलीत. दगडाचा गाळ गेला की त्याचा पंखा जाम होतो. हातातल्या कटरला तर पंप नकोच. स्टुलावर बादली, तळाला नळी आणि कॉक. पाण्यात बुडालेली एक वायर कमी झाली.

गल्लीतला_मिस्त्री
एवढं काहाले? ग्राइंडरला डायमंड ब्लेड लावा, पोरगं बाटलीनं पाणी टाकत राहील.

झिरो_व्होल्ट
नको. ग्राइंडरची हवेची भोकं मोटरच्या अंगावरच असतात. पंखा हवेसोबत पाणीही आत ओढतो आणि करंट थेट हातात येतो. कोरडं कापायचं म्हटलं तर ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. ओलं कापतानाही एन-९५ मास्क, चष्मा आणि कानाला प्लग लावा.

मानेवाडा_अंगण
पटलं. कटरच घेतो, पायऱ्या कापूनच आणतो. ब्लेड कोणतं? आणि खांबाजवळ एल आकाराचे काप आहेत, मिस्त्री म्हणतो तिथं फरशी हमखास फुटते.

फरशी_गुण्या
ब्लेड दोन घ्या. कोट्याला टर्बो (बारीक खाचांच्या कडेचं) किंवा अखंड कडेचं. ग्रॅनाइटला ग्रॅनाइटसाठीचंच. कडक दगडाला ब्लेडचा धातू मऊ लागतो, तो झिजून नवे हिरे वर येतात. कोट्याचं ब्लेड ग्रॅनाइटला लावलं की ते गुळगुळीत होतं, ठिणग्या पडतात आणि काप पुढं सरकत नाही. अशा वेळी जोर लावू नका. साध्या विटेत किंवा सिमेंट ब्लॉकमध्ये चार-पाच काप मारा, धार परत येते. भोक २० मिमीचं आहे का आणि ब्लेडवर छापलेली कमाल आरपीएम मशीनपेक्षा जास्त आहे का, हे दुकानातच पाहा. नागपुरात इतवारीत लोहा ओळीत दोन-चार दुकानं फिरलात तर दोन्ही मिळतील. बाण ब्लेड फिरण्याच्या दिशेलाच हवा.

हातातल्या कटरचं ब्लेड पुढच्या बाजूनं खालून वर येतं, म्हणून टवके पॉलिशच्या बाजूला उडतात. रेषेवर मास्किंग टेप लावा, पहिला फेरा २-३ मिमी खोल, मग खोली जाडीपेक्षा ३ मिमी जास्त ठेवून पूर्ण काप. फरशीखाली चार लाकडी रिपा, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. एका बाजूला आधार नसला की शेवटच्या इंचभरात फरशी आपल्याच वजनानं मोडते. म्हणून पलीकडच्या कडेकडून आधी दोन इंच कापून घ्या आणि मग मुख्य काप त्याला भिडवा. पायानं फरशी दाबून कापणारे रस्तोरस्ती दिसतात, तसं करू नका.

एल कापाचं असं आहे की गोल ब्लेड आतल्या कोपऱ्यात वर पोहोचलं तरी खाली पोहोचत नाही. माणूस तेवढ्यासाठी काप पुढं वाढवतो किंवा तुकडा हातोडीनं ठोकतो, आणि चीर तिथूनच धावते. आधी आतल्या कोपऱ्यावर ८ मिमीचं भोक डायमंड बिटनं पाडा, पाणी टाकत, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून. दोन्ही काप वरून भोकाच्या कडेला थांबवा. मग फरशी उलटवून खालून तेच काप भोकापर्यंत न्या. तुकडा अलगद सुटतो. कोटा थरांचा दगड आहे. भोकाजवळ पापुद्रा सुटताना दिसला तर ती फरशी एलला वापरू नका, सरळ कापाला ठेवा.

वाळवण
गाळाचं राहिलं. पाणी ताकासारखं दाट झालं की बदला, पण मोरीत ओतू नका, ट्रॅपमध्ये तळाशी घट्ट बसतं. बादलीत रात्रभर निवू द्या, वरचं पाणी परत वापरा, खालचा गाळ वाळवून मलब्यात टाका. फरशीवरचा गाळ वाळण्याआधीच धुवा. पांढरा थर राहिला तर मिस्त्री ॲसिड टाकायला निघतील, टाकू देऊ नका. कोटा चुनखडीचा आहे, ॲसिडनं फेस येतो आणि पॉलिश जातं ते परत मशीननं घासल्याशिवाय येत नाही. साधं पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरतो.