अजित वाडेकरांची कसोटी कारकीर्द : ३१ ची सरासरी पुरेसे सांगते का?

प्रश्न (खेळपट्टीवाचक)

नमस्कार. अजित वाडेकरांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीविषयी जाणकारांची मते हवी आहेत. डिसेंबर १९६६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांनी पदार्पण केले आणि ३७ कसोटींत ३१.०७ च्या सरासरीने २११३ धावा केल्या. त्यात अर्धशतके १४ असली तरी शतक मात्र एकच आहे. याच फलंदाजाने प्रथम श्रेणी सामन्यांत ४७ च्या सरासरीने पंधरा हजारांहून अधिक धावा जमवल्या आणि रणजी करंडकात म्हैसूरविरुद्ध ३२३ धावांची खेळी केली. एवढी तफावत का पडली असावी? आणि कर्णधार म्हणून १९७१ मध्ये वेस्ट इंडीज व इंग्लंडमध्ये मिळवलेल्या मालिका विजयांचे यश बाजूला ठेवले, तर निव्वळ फलंदाज म्हणून त्यांना कोणते स्थान द्यावे?

उत्तर १ (तिसराक्रमांक)

आपला प्रश्न योग्य आहे, परंतु सरासरी पाहताना ते कोणत्या जागी खेळत होते हे विसरून चालणार नाही. सुनील गावसकर संघात येण्यापूर्वी भारताची सलामीची जोडी क्वचितच स्थिरावत असे, आणि त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावरील फलंदाजाला पुष्कळदा नव्या चेंडूलाच सामोरे जावे लागे. त्यातच वाडेकरांना कसोटीची संधी पंचविशी गाठल्यावर मिळाली.

१९६७-६८ चा दौरा बारकाईने पाहावा, अशी माझी विनंती आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ते ९९ धावांवर बाद झाले. पुढे न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला भारताने परदेशातील आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा या डावखुऱ्या फलंदाजाने दोन्ही डावांत अर्धशतके केली होती; आणि वेलिंग्टनला १४३ धावा केल्या, तेच त्यांचे एकमेव कसोटी शतक. ती मालिका पतौडींच्या नेतृत्वाखालील संघाने ३-१ अशी जिंकली. अर्धशतकांची शतके होत नसत, ही उणीव मी मान्य करतो. मात्र स्लिपमधील त्यांचे झेल (३७ कसोटींत ४६) विचारात घेतल्याशिवाय त्यांचे संघातील मोल ठरवू नये.

उत्तर २ (सबिनापार्क७१)

१९७१ बाजूला ठेवावे, या अटीशी मी सहमत नाही. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे पतौडींऐवजी वाडेकर कर्णधार झाले, आणि तेथून पुढची कारकीर्द फलंदाजी व नेतृत्व अशी दोन तुकड्यांत पाहता येत नाही, असे मला वाटते.

त्या वर्षीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यातील किंग्स्टनची पहिली कसोटी पाहा. पहिला दिवस पावसात वाहून गेला. दिलीप सरदेसाईंच्या २१२ धावांमुळे भारताने ३८७ पर्यंत मजल मारली आणि वेस्ट इंडीजचा डाव २१७ वर संपला. आघाडी १७० ची होती. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच दुसरा डाव खेळायला लावण्यासाठी, २०० धावांची आघाडी लागते, पण सामना प्रत्यक्षात चार दिवसांचा झाल्याने ती मर्यादा १५० वर आली होती. वाडेकरांनी हा नियम नेमका ध्यानात ठेवला आणि वेस्ट इंडीजचे कर्णधार गॅरी सोबर्स यांना पुन्हा फलंदाजी करावी लागेल असे कळवले. सामना अनिर्णित राहिला खरा, पण वेस्ट इंडीजला फॉलोऑन देणारा भारतीय कर्णधार त्या मैदानाने प्रथमच पाहिला.

पोर्ट ऑफ स्पेनच्या पुढच्याच कसोटीत सलीम दुराणींनी सोबर्सना शून्यावर त्रिफळाचीत केले, क्लाइव्ह लॉइड यांचा झेल दुराणींच्याच गोलंदाजीवर स्वतः वाडेकरांनी घेतला आणि भारताने सामना ७ गडी राखून जिंकला. तोच मालिकेचा निकाल ठरला. गावसकरांच्या ७७४ धावा सर्वांना पाठ असतात. मडगावात जन्मलेल्या सरदेसाईंच्या ६४२ धावांचा उल्लेख मात्र तितक्या आवर्जून होत नाही, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

उत्तर ३ (ओव्हलप्रेमी)

१९७१ च्याच इंग्लंड दौऱ्यातील ओव्हल कसोटीविषयी थोडी भर घालतो. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ वर गुंडाळला आणि भारतापुढे १७३ धावांचे लक्ष्य आले. चौथ्या दिवसअखेर २ बाद ७६ अशी स्थिती होती व वाडेकर ४५ धावांवर नाबाद होते. शेवटच्या दिवशी सकाळी धावसंख्येत एकाही धावेची भर पडण्याआधी ते धावचीत झाले. ड्रेसिंग रूममध्ये परतल्यावर त्यांना झोप लागली आणि विजयाची वार्ता त्यांना उठवून सांगावी लागली. मला ही बेफिकिरी वाटत नाही. सरदेसाई, विश्वनाथ आणि इंजिनियर उरलेल्या धावा काढतील, हा भरवसाच त्यातून दिसतो. आबिद अलींच्या चौकाराने सामना संपला, पण तिसऱ्या क्रमांकावरच्या त्या ४५ धावा नसत्या, तर ९७ धावांचे उरलेले काम कितीतरी कठीण झाले असते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (खेळपट्टीवाचक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. फॉलोऑनच्या मर्यादेचा तपशील मला ठाऊक नव्हता. मग १९७४ नंतर कारकीर्द एकाएकी कशी थांबली? तेव्हा ते ३३ वर्षांचेच होते.

उत्तर ४ (तिसराक्रमांक)

१९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडला २-१ असे हरवल्यावर १९७४ च्या दौऱ्यात तिन्ही कसोटी गमवाव्या लागल्या. लॉर्ड्सवर दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला आणि मायदेशात लोकांचा रोष एवढा भडकला, की त्यांच्या घरावर दगडफेक झाली. त्यानंतर पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि त्यांनी निवृत्ती पत्करली. १६ कसोटींत ४ विजय, ४ पराभव व ८ अनिर्णित, असा त्यांच्या नेतृत्वाचा हिशेब आहे. चारपैकी तीन पराभव त्या एकाच उन्हाळ्यातले आहेत. एका मालिकेवरून एवढी कठोर शिक्षा देणे अन्यायाचेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच दौऱ्यात हेडिंग्लेला भारताचा पहिला एकदिवसीय सामना झाला, आणि त्यात कर्णधार वाडेकरांनी ६७ धावा केल्या होत्या.